बेरीज सगळ्यांची, वजाबाकी कुणाची?

मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय घरांत एक डबा हमखास आढळतो. कुठे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, कुठे आठवड्याच्या सात वारांचे कप्पे असलेली प्लास्टिकची पेटी. फ्रीजवर किंवा देवघराशेजारच्या फडताळात त्याची जागा ठरलेली असते. रक्तदाबाची एक गोळी, मधुमेहाच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून एक, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्लपित्ताची एक, कॅल्शियमची एक, चक्कर येते म्हणून एक, गुडघे दुखले तर एक आणि रात्री झोपेची अर्धी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पोटात रोज नऊ-दहा गोळ्या जाणे आता कुणालाही नवलाचे वाटत नाही. ‘आई, तुमच्या गोळ्या घेतल्यात ना?’ हा प्रश्न अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघरी रोज विचारला जातो. त्यामागची माया खरी आहे. परंतु यांपैकी कोणती गोळी कुणी, केव्हा आणि कशासाठी सुरू केली, असे विचारले तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, ‘डॉक्टरांनी दिली आहे.’ कोणत्या डॉक्टरांनी, याचे उत्तर मिळतेच असे नाही.

त्या डब्यातील प्रत्येक गोळीला एक डॉक्टर असतो, डब्याला मात्र डॉक्टर नसतो. हृदयविकारतज्ज्ञ हृदयापुरते पाहतात, अस्थिरोगतज्ज्ञ गुडघ्यापुरते, मेंदूविकारतज्ज्ञ चक्करेपुरते. प्रत्येकाने आपापल्या जागी योग्य तेच केलेले असते. पण या सर्वांची मिळून जी बेरीज होते, ती एका वृद्ध शरीराला पेलते की नाही, हे पाहण्याचे काम कुणाकडेच सोपवलेले नसते. औषध सुरू करणे हे जसे उपचाराचे अंग आहे, तसेच गरज संपलेले औषध विचारपूर्वक कमी करणे हेही उपचाराचेच अंग आहे. हे दुसरे काम एकट्या डॉक्टरला साधणारे नाही. फॅमिली डॉक्टर, औषधनिर्माता, परिचारिका आणि घरची माणसे यांनी ते मिळून करायचे आहे. ही व्यवस्था आपल्या उपनगरांत उभी करणे शक्य आहे आणि आता ते टाळण्याजोगे राहिलेले नाही.

दवाखाना गेला, पॉलिक्लिनिक आले

दोन पिढ्यांपूर्वी उपनगरांत आरोग्यसेवा म्हणजे स्टेशनजवळचा किंवा नाक्यावरचा दवाखाना. आत डॉक्टर, लाकडी खिडकीमागे कंपाउंडर आणि मिक्श्चरच्या बाटलीवर डोस दाखवणारी, कातरलेल्या कागदाची पट्टी. डॉक्टरांना घरातील तीन पिढ्या नावानिशी ठाऊक असत. कोणाला कोणते औषध सोसत नाही, हे कंपाउंडरच्या स्मरणात असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेव्हा औषधेच थोडी होती आणि हृदयविकाराचा झटका आलेले अनेक जण वाचत नसत. रक्तदाब, मधुमेह व हृदयविकारावरील आजच्या औषधांनी लाखो लोकांना आयुष्याची वाढीव वर्षे दिली आहेत, हे कुणीही नाकारू नये. पण त्या साध्या दवाखान्यात एक गोष्ट होती. एका माणसाविषयीची सर्व माहिती एका ठिकाणी, एका माणसाजवळ असे.

आज ती जागा रिकामी आहे. पिढीजात दवाखान्यांचे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांची मुले विशेषज्ञ झाली किंवा परदेशी गेली. इमारतींचा पुनर्विकास झाला आणि वर्षानुवर्षांचे शेजार मोडले. स्टेशन रोडवर पॉलिक्लिनिक आले आणि दुखण्याच्या प्रत्येक अवयवाला स्वतंत्र दार मिळाले. रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात जातो तेव्हा त्याच्या हातात फाईल असते, परंतु ती फाईल समग्र वाचण्याइतका वेळ कुठेच नसतो.

यातून औषधे कशी साठत जातात ते पाहावे. दाढ काढल्यावर पाच दिवस वेदनाशामक गोळी दिली जाते आणि जठराला त्रास होऊ नये म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल. वेदनाशामक सहाव्या दिवशी बंद होते, पॅन्टोप्राझोल तीन वर्षे चालू राहते. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘पुढे चालू’ असे लिहिलेले असते. कधीपर्यंत, हे लिहिलेले नसते. जुन्या चिठ्ठीचे छायाचित्र केमिस्टच्या मोबाइलवर जाते आणि महिन्याचा माल घरपोच येतो. त्यात एकच औषध दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी येते. स्ट्रिपवर व्यापारी नाव मोठ्या अक्षरात आणि मूळ घटकाचे नाव बारीक अक्षरात छापलेले असल्याने सत्तरीतल्या डोळ्यांना ते कळत नाही. महिनोन्‌महिने दुप्पट मात्रा पोटात जाते, आणि यात कुणाचाही हेतू वाईट नसतो.

एका गोळीमागे दुसरी

तरुणाला जे औषध सहज पचते, ते वृद्धाला पचतेच असे नाही. वयानुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता उतरते, यकृताचे काम मंदावते, शरीरातील पाणी व स्नायू कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढते. त्यामुळे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते आणि मेंदूवर त्याचा प्रभाव अधिक तीव्र होतो. पन्नाशीत योग्य असलेली मात्रा पंचाहत्तरीत जास्त ठरू शकते. औषध तेच असते, ते घेणारा माणूस मात्र बदललेला असतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे एका औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू होणे. कॅनडाच्या पॉला रोचॉन आणि अमेरिकेचे जेरी गुरविट्झ या वृद्धवैद्यकातील अभ्यासकांनी १९९०च्या दशकात या साखळीकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. आपल्याकडची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या पायांवर सूज येते. ती हृदयाची किंवा मूत्रपिंडाची सूज समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. त्या गोळीने रात्री तीनदा उठावे लागते, अंगातील क्षार घटतात, उठताना अंधारी येते. मग चक्करेची गोळी सुरू होते. चक्करेसाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी सिनारिझिनसारखी औषधे वृद्धांनी दीर्घकाळ घेतली, तर हात कापणे, चाल मंदावणे, चेहरा निर्विकार होणे अशी कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. आम्लपित्तावरील संयुक्त गोळ्यांत मिसळलेल्या लेवोसल्पिराइडनेही असेच होऊ शकते. मग कंपवाताचे औषध येते. सुरुवात रक्तदाबाच्या एका गोळीने झालेली असते, चौथ्या गोळीपर्यंत पोहोचताना ती सुरुवात सर्व जण विसरलेले असतात.

झोपेच्या गोळीची कथा वेगळी नाही. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम काही आठवड्यांसाठी सुरू होते आणि दहा वर्षे चालते. रात्री लघवीला उठलेला माणूस गुंगीत तोल जाऊन पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि स्वतःच्या पायांवर चालणारा माणूस अंथरुणाला खिळतो. मधुमेहाच्या ग्लायबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एकादशीच्या उपवासाला नेहमीची गोळी घेतलेल्या आजी दुपारी असंबद्ध बोलू लागतात, ते याचमुळे असू शकते. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांना इजा करतात, रक्तदाब वाढवतात आणि जठरात रक्तस्राव घडवतात. रक्तदाबाची काही औषधे व लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीला ती आली, तर मूत्रपिंडांना असलेला धोका आणखी वाढतो.

आणि या सगळ्याला आपण घरात काय नाव देतो? ‘म्हातारचळ.’ बाबा हल्ली विसरतात, आई भलतेच बोलते, आजोबांची चाल मंदावली, या गोष्टी वयाच्या खाती टाकून आपण मोकळे होतो. काही वेळा ते वयच असते किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते. पण काही वेळा ती सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामाइनची, झोपेच्या अर्ध्या गोळीची किंवा उतरलेल्या साखरेची करणी असते, आणि औषध बदलताच माणूस पुन्हा पूर्वीसारखा होतो. एका जाणत्या माणसाला त्याच्याच घरात वेडसर ठरवले जावे आणि त्याचे कारण त्याच घरातील डब्यात असावे, यासारखा अन्याय नाही.

थांबवण्याची भीती

हे कळत असूनही औषधे कमी का होत नाहीत? पहिले कारण डॉक्टरांची भीती. चालू असलेली गोळी चालू ठेवली आणि अपाय झाला तर तो आजाराचा दोष ठरतो. तीच गोळी थांबवली आणि काही झाले तर तो थांबवणाऱ्याचा दोष ठरतो. दुसऱ्या तज्ज्ञाने लिहिलेले औषध कमी करणे हा त्याचा अवमान ठरेल, असा संकोचही असतो. दुसरे कारण वेळेचे. नवी चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे पुरतात, पण दहा औषधांचा इतिहास समजून घेऊन त्यातले एक कमी करायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे मोल द्यायला कुणी तयार नसते.

तिसरे कारण बाजाराचे. औषध विकण्यासाठी प्रचंड यंत्रणा राबते, औषध थांबवण्यासाठी कोणताही प्रतिनिधी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी उभा राहत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विपणनासाठी आचारसंहिता जारी करून डॉक्टरांना भेटवस्तू व परदेशवाऱ्या देण्यास मनाई केली. अशास्त्रीय संयुक्त गोळ्यांवर २०१६, २०१८ आणि २०२४ मध्ये बंदीच्या अधिसूचना निघाल्या. ही पावले योग्य दिशेची आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेने औषधांच्या किमतीचा भारही पुष्कळ हलका केला. तथापि किंमत कमी होणे आणि संख्या कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नको असलेली गोळी स्वस्तात मिळाली, म्हणून ती हवीशी होत नाही.

चौथे कारण आपल्याच घरातले आहे. आपल्याकडे औषध हे काळजीचे माप झाले आहे. मुलगा न्यू जर्सीला असतो. वर्षातून एकदा येताना तो ग्लुकोसामाइन आणि जीवनसत्त्वांच्या मोठ्या बाटल्या घेऊन येतो, कारण त्याला वेळ देता येत नाही आणि बाटली देता येते. आई-वडीलही त्या कौतुकाने घेतात. डॉक्टरांनी ‘ही गोळी आता नको’ असे म्हटले, तर ‘वय झाले म्हणून लक्ष देत नाहीत’ असा समज होतो.

शिवाय ‘आपले ते आयुर्वेदिक, त्याने काही होत नाही’ असे मानून घेतलेल्या चूर्णांचा, काढ्यांचा व गुटिकांचा उल्लेख डॉक्टरांपुढे होतच नाही. आयुर्वेदाविषयी आदर असणाऱ्यांनीच हे सांगणे आवश्यक आहे, की ज्यात गुण आहे त्यात परिणाम आहे आणि ज्यात परिणाम आहे त्याची नोंद हवी. घशासाठी रोज घेतलेल्या ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो व रक्तातील पोटॅशियम घटू शकते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हा धोका दुणावतो. वैद्य असोत वा डॉक्टर, दोघांनाही दोन्ही यादी ठाऊक असणे हेच आयुर्वेदाच्याही हिताचे आहे.

इतरांनी काय केले?

जगाने या प्रश्नाकडे गेली तीन दशके गांभीर्याने पाहिले आहे. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती वेळोवेळी सुधारली जाते आणि तिची अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे. नको असलेली औषधे पद्धतशीरपणे कमी करण्याच्या या प्रक्रियेला २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे वृद्धवैद्यकतज्ज्ञ मायकेल वुडवर्ड यांनी ‘डिप्रिस्क्रायबिंग’ हे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याचे आवाहन सर्व देशांना केले.

पण यादी बनवणे वेगळे आणि ती घरात पोहोचवणे वेगळे. ऑस्ट्रेलियात २००१ पासून अशी सोय आहे, की फॅमिली डॉक्टरने विनंती केल्यावर प्रशिक्षित औषधनिर्माता रुग्णाच्या घरी जातो, डबा उघडून प्रत्येक औषध पाहतो व आपला अहवाल डॉक्टरांना देतो. निर्णय डॉक्टर आणि रुग्ण मिळून घेतात, खर्च सरकार करते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या केमिस्टनेच वृद्ध ग्राहकांना सोप्या भाषेतील माहितीपत्रक दिले आणि त्यांच्या डॉक्टरांना शास्त्राधारित सूचना पाठवली. झोपेच्या गोळ्या, जुनी सर्दी-ॲलर्जीची औषधे, ग्लायबेनक्लामाइड आणि वेदनाशामके असे चार प्रकार त्यांनी निवडले होते. सहा महिन्यांत अशा ४३ टक्के लोकांचे ते औषध बंद झाले. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. इंग्लंडमध्ये २०२० पासून फॅमिली डॉक्टरांच्या गटांत औषधनिर्माते नेमून वृद्धांच्या औषधांचा पद्धतशीर आढावा घेतला जातो. तेथील सरकारी अहवालाने २०२१ मध्ये मान्य केले, की प्राथमिक सेवेतून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी किमान १० टक्के अनावश्यक असावीत. जपानमध्ये तर प्रत्येकाजवळ औषधांची एक छोटी वही असते. कोणत्याही केमिस्टकडे गेले तरी त्या वहीत नोंद होते.

प्रस्थापित समजुतीही तपासाव्या लागतात. निरोगी वृद्धाने हृदयविकार टाळण्यासाठी रोज ॲस्पिरिन घ्यावे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ लोकांवर, त्यांत बहुतेक सत्तरीपुढच्यांवर, झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्यांना पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात झालेला नव्हता, त्यांना ॲस्पिरिनचा लाभ दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, त्यांची गोष्ट पूर्णतः वेगळी आहे. त्यांच्यासाठी तीच गोळी प्राणरक्षक असते. गोळी एकच, पण एकाच्या डब्यात ती हवी आणि दुसऱ्याच्या डब्यात नको. म्हणूनच हे काम शेजाऱ्याच्या सल्ल्याने किंवा मोबाइलवरील संदेश वाचून करण्याचे नाही.

या उपायाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. युरोपातील चार शहरांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारे दोन हजार वृद्धांवरील अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, अयोग्य औषधे कमी झाली, अपायही झाला नाही, पण पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. तेव्हा औषधे कमी केली की आयुष्य वाढलेच, असा दावा कुणी करू नये. परंतु नको ते पोटात न जाणे, पैसा वाचणे, बुद्धी लख्ख राहणे आणि पडण्याचे एक कारण दूर होणे हा लाभ लहान नाही.

चतुष्पाद आणि आपली उपनगरे

हे सर्व पाश्चात्त्यांचे अनुकरण वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. रोगीदेखील त्यात केवळ उपचार सोसणारा नाही. आपले दुखणे नीट सांगता येणे हा त्याचा गुण मानला आहे. शुश्रूषा करणाऱ्याकडून कौशल्याबरोबर जिव्हाळ्याची अपेक्षा आहे. एक व्याधी शमवताना दुसरी उठवणारी चिकित्सा शुद्ध नव्हे, हा विचारही चरकाचाच. आज आपण चारांपैकी दोनच पाद उरवले आहेत, डॉक्टर आणि औषध. उरलेल्या दोघांना रांगेत उभे केले आहे. आधुनिक जग ज्याला संघभावनेने दिलेली प्राथमिक सेवा म्हणते, तिच्यासाठी आपल्या परंपरेत भक्कम आधार आहे. त्याचा अभिमान बाळगण्यापेक्षा त्याचा उपयोग करणे अधिक मोलाचे.

साधने नाहीत असेही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठीपुढच्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हाच ९३ लाखांवर होती. या जिल्ह्यात महापालिकेची कूपर, राजावाडी, भगवती, मुलुंडचे अगरवाल यांसारखी रुग्णालये आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून वस्त्यांजवळ ‘आपला दवाखाना’ सुरू झाले. केंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धसेवेचा समावेश आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जे. जे. रुग्णालयाची विभागीय केंद्र म्हणून निवड झालेली आहे. २००८ पासून देशात ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. औषधांचा आढावा घेण्याचेच शिक्षण घेतलेल्या या तरुणांना प्राथमिक आरोग्यसेवेत फारशी जागाच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले, ही मोठी गोष्ट झाली. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. पडून हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो, पडू नये म्हणून डबा तपासण्याचा मिळत नाही.

म्हणून शासनाकडे व महापालिकेकडे मागणी नेमकी असावी. प्रत्येक विभागातील निवडक दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस वृद्धांच्या औषधांच्या आढाव्यासाठी राखून ठेवावा. तेथे डॉक्टरांबरोबर प्रशिक्षित औषधनिर्माता व परिचारिका असावी. मूत्रपिंडाची तपासणी, साखर आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब तेथेच पाहिला जावा. आशा सेविकेने पुढील महिन्यात घरी जाऊन विचारपूस करावी. रुग्णालयातून घरी सोडताना प्रत्येक औषधापुढे ‘कशासाठी’ व ‘कधीपर्यंत’ हे दोन रकाने सक्तीचे करावेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांची नोंदवही ठेवण्याचे बंधन केमिस्टवर २०१४ पासून आहेच. त्याची तपासणी होते की नाही, हे पाहावे.

कार्यकर्त्यांसाठी काम

शासन जागे होईपर्यंत समाजाने थांबायचे नसते. परळच्या नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांसाठी केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे गावोगावी चालतात. उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांच्या सभा नियमित होतात. परिचयातील निवृत्त डॉक्टर, वैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते प्रत्येक नगरात आहेत. त्यांना एकत्र आणून महिन्यातून एका रविवारी ‘पिशवी घेऊन या’ असा उपक्रम सहज करता येईल. ज्येष्ठांनी घरातील सगळी औषधे घेऊन यावे. त्यात चिठ्ठीवरची, बिनचिठ्ठीची, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि परदेशातून आलेल्या बाटल्याही असाव्यात. कार्यकर्त्याने एका कागदावर पाच रकाने भरावेत, औषधाचे मूळ नाव, मात्रा, कुणी दिले, केव्हापासून आणि कशासाठी. औषधनिर्मात्याने दुप्पट झालेली व वृद्धांना धोक्याची औषधे लाल पेन्सिलीने अधोरेखित करावीत. तो कागद घेऊन कुटुंबाने आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जावे. फॅमिली डॉक्टर नसेल तर तो निवडावा, कारण या सगळ्याची सुरुवात तेथूनच होते.

येथे एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. कार्यकर्त्याने कोणतेही औषध बंद करण्यास सांगू नये आणि कुटुंबानेही स्वतःहून बंद करू नये. झोपेची गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. रक्तदाबाची वा हृदयाची काही औषधे एकदम सोडली तर जीव धोक्यात येतो. आम्लपित्ताची गोळी एकदम बंद केली तर काही दिवस जळजळ उलट वाढते आणि ‘बघा, गोळी लागतेच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. औषधे एका वेळी एक, हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची असतात. डॉक्टरांशी बोलतानाही आरोपाचा सूर नसावा. ‘ही गोळी आईंना अजून लागते का, आणि कमी करायची तर कशी?’ एवढे नम्रपणे विचारले तरी पुरे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. बहुधा हा प्रश्न कुणी विचारेल, याची तोही वाटच पाहत असतो.

घरातील धाकट्यांनीही काही करावे. झोपेची गोळी कमी व्हायची असेल तर आजोबांना संध्याकाळी चार पावले चालवून आणणारा कुणीतरी हवा. गुडघ्यावरची वेदनाशामके कमी व्हायची असतील तर व्यायाम करवून घेणारे हात हवेत. ज्या घरात माणसांचा सहवास आहे, तेथे काही गोळ्यांची गरज आपोआप घटते. एकत्र कुटुंब मोडले म्हणून खंत करणारे पुष्कळ आहेत. पण त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या वृद्ध दांपत्याकडे आठवड्यातून एकदा जाणे हेही कुटुंब विस्तारणेच आहे.

रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात रोज कुणी ना कुणी वॉकर किंवा कमोडची खुर्ची न्यायला येतो. आई पडली, बाबा पडले, एवढे सांगून सही करतो आणि साहित्य घेऊन जातो. तेथील कार्यकर्त्याने यापुढे वहीत आणखी एक प्रश्न लिहून घ्यावा, ‘पडण्यापूर्वी त्या कोणकोणत्या गोळ्या घेत होत्या?’ उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या रविवारी पिशवी घेऊन यायला सांगावे.